व्रताची मुदत

ख्रिस्ती धर्मातील व्रतस्थ जीवनाची चर्चा मराठीत बहुधा ‘संन्यास श्रेष्ठ की गृहस्थाश्रम’ या जुन्या वादाच्या अंगाने होते, आणि त्यामुळे तिच्यातील खरा प्रश्न बाजूला पडतो. नगर जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, प्रवरेच्या खोऱ्यात वसलेल्या राजूरच्या परिसरात या वादाच्या दोन्ही बाजू जणू भूगोलातच उभ्या आहेत : तालुक्याच्या गावी, अकोल्याला, अगस्ती ऋषींचे स्थान आहे आणि अगस्ती हा लोपामुद्रेचा पती, म्हणजे संसारी ऋषी, तर दक्षिणेला हरिश्चंद्रगडावर चांगदेवाने तप केले आणि ‘तत्त्वसार’ हा ग्रंथ रचला, अशी परंपरा आहे, म्हणजे तिथे संसाराबाहेरचा योगी. या दोघांपैकी कोण मोठा, हे ठरवण्याचे कोणतेही सर्वमान्य माप नाही. मात्र संसार बाजूला ठेवलेला माणूस नेमका कोणाच्या उपयोगी पडतो, त्याला कोण जाब विचारतो आणि त्याने माघार घ्यायची ठरवली तर त्याचे काय होते, हे तीन प्रश्न विचारता येतात आणि त्यांची उत्तरे इतिहासात सापडतात. व्रताकडे व्यक्तीच्या पुण्याईऐवजी सामाजिक संस्था म्हणून पाहिले की ख्रिस्ती संघांचा अनुभव मराठी समाजाला परका राहत नाही. उलट मराठी सुधारकांनी त्या अनुभवातून किती उचलले आणि काय जाणूनबुजून वगळले, हे स्पष्ट दिसू लागते.

प्रथम व्रतांचे स्वरूप. कॅथलिक परंपरेत संघात प्रवेश करणारा पुरुष किंवा स्त्री तीन व्रते घेते : दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन. दारिद्र्याचे व्रत म्हणजे उपासमार नव्हे; व्रतस्थ व्यक्ती जे कमावते ते संघाच्या सामाईक निधीत जाते आणि तिच्या गरजा त्या निधीतून भागतात. ब्रह्मचर्याचा अर्थ विवाह न करणे, आणि आज्ञापालनाचा अर्थ संघप्रमुख जिथे पाठवील तिथे जाणे व जे काम देईल ते करणे. गावातल्या चर्चचा प्रत्येक ‘फादर’ या अर्थाने व्रतस्थ असतोच असे नाही. धर्मप्रांताचा धर्मगुरू अविवाहित राहतो आणि बिशपांच्या आज्ञेत राहण्याचे वचन देतो, पण दारिद्र्याचे व्रत घेत नाही. संघांचेही प्रकार आहेत. सहाव्या शतकात बेनेडिक्टने घालून दिलेल्या नियमानुसार राहणारे मठवासी एकाच मठात आयुष्यभर राहण्याचेही वचन देतात. तेराव्या शतकात असिसीच्या फ्रान्सिसने स्थापलेला संघ फिरत्या भिक्षूंचा होता. आणि इग्नेशियस लोयोलाच्या ज्या येशूसंघाला, म्हणजे जेज्युइटांना, १५४० मध्ये पोपची मान्यता मिळाली, त्याने मठाच्या भिंतीच काढून टाकून शाळा, महाविद्यालये आणि दूरदेशीची मिशने हेच आपले कार्यक्षेत्र मानले.

ही तीन व्रते तीन वेगवेगळे सद्गुण म्हणून मोजण्याची सवय आहे. वस्तुतः ती एकाच यंत्रणेचे तीन भाग आहेत. ज्याला मुले-बाळे आहेत त्याने मिळकत सामाईक थैलीत टाकली तर मुलांचे शिक्षण, मुलीचे लग्न आणि म्हातारपण यांची सोय कोणी करायची, हा प्रश्न लगेच उभा राहतो. म्हणून दारिद्र्याचे व्रत टिकायचे तर त्याला ब्रह्मचर्याचा आधार लागतो. बिऱ्हाड नसलेल्या माणसालाच आठ दिवसांच्या सूचनेवर दुर्गम मुलखात पाठवता येते. म्हणून आज्ञापालनालाही तोच आधार लागतो. उलट बाजूने, सामाईक थैलीचा कारभार कोणाच्या तरी हातात असावाच लागतो आणि त्या हाताला अधिकार लागतो. म्हणून दारिद्र्य आज्ञापालनावर अवलंबून राहते. अशा रीतीने ब्रह्मचर्याला धर्मशास्त्र जो आध्यात्मिक अर्थ देते तो बाजूला ठेवला तरी त्याला एक आर्थिक आणि प्रशासकीय अर्थ उरतो, आणि एक व्रत काढून घेतले की उरलेली दोन डळमळू लागतात.

परंतु इतकी घट्ट यंत्रणा माणसाला चिरडूही शकते, आणि म्हणून तिच्या प्रवेशद्वाराइतकेच तिचे परतीचे दार महत्त्वाचे ठरते. कॅथलिक चर्चच्या १९८३ च्या धर्मविधिसंहितेनुसार सतरा वर्षे पूर्ण होण्यापूर्वी कोणाला नवदीक्षित म्हणून घेता येत नाही. विवाहबंधन कायम असलेल्या व्यक्तीला प्रवेश मिळत नाही. नवदीक्षेचा, म्हणजे व्रतापूर्वीच्या परीक्षेचा काळ किमान बारा महिन्यांचा असतो. त्यानंतरची व्रते किमान तीन वर्षे तात्पुरतीच असतात. आणि कायमची व्रते एकविसाव्या वर्षापूर्वी घेता येत नाहीत. तात्पुरत्या व्रताची मुदत संपली की व्यक्ती मोकळी होते, आणि कायमचे व्रत घेतल्यानंतरही रीतसर मुक्तता मागण्याचा मार्ग खुला असतो. व्हिन्सेंट द पॉल आणि लुईझ द मारिलाक यांनी १६३३ मध्ये फ्रान्समध्ये स्थापलेल्या ‘डॉटर्स ऑफ चॅरिटी’ या संघाच्या भगिनी तर आपली व्रते दरवर्षी नव्याने घेतात. व्रताला मुदत असली म्हणून ते हलके होत नाही, कारण दरवर्षी स्वतःच्या इच्छेने पुन्हा बांधून घेणे हे एकदाच बांधून घेण्यापेक्षा सोपे नसते.

परतीचे दार नसले की काय होते, हे मराठी मनाला दुसऱ्या कोणी सांगण्याची गरज नाही. परंपरेप्रमाणे विठ्ठलपंतांनी विवाहित असतानाच काशीला जाऊन संन्यास घेतला, पत्नी असल्याचे कळल्यावर गुरूने त्यांना परत पाठवले, ते आळंदीस संसार करू लागले आणि समाजाने त्यांना व त्यांच्या चारही मुलांना वाळीत टाकले. ज्ञानेश्वरांनी पुढे नेवाशाला, म्हणजे याच नगर जिल्ह्यात, गीतेवरील टीका सांगितली, आणि ‘संन्याशाची पोरे’ हा शब्दप्रयोग मात्र मराठीच्या स्मरणात कायमचा रुतून बसला. त्या प्रसंगातील दोष संन्यासाचा की संसाराचा, असा वाद घालण्यात अर्थ नाही. प्रवेशाच्या वेळी पुरेशी चौकशी झाली नाही आणि परत येणाऱ्यासाठी नियम नव्हता, हे दोन दोष संस्थेचे होते. त्यांचा दंड मात्र ज्यांनी कोणतेही व्रत घेतले नव्हते त्या मुलांना भरावा लागला. वारकरी परंपरेने प्रपंचातच परमार्थ साधण्यावर जो भर दिला, त्यामागे हा अनुभव नसेल असे म्हणणे कठीण आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पुण्यात जे प्रयोग झाले ते या पार्श्वभूमीवर पाहावे लागतात. मिशनऱ्यांच्या शाळांना तोंड द्यायचे तर मिशनऱ्यांसारखीच निःस्वार्थ माणसे हवीत, हे टिळक-आगरकरांच्या पिढीने ओळखले होते, आणि १८८४ मध्ये स्थापन झालेल्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या आजीव सदस्यांसमोर जेज्युइटांच्या दारिद्र्याचा आदर्श उघडपणे ठेवला गेला होता. आजीव सदस्याने वीस वर्षे अल्प वेतनावर शिकवायचे, ही ती योजना. हे व्रतच होते, फक्त त्यातून ब्रह्मचर्य वगळले होते आणि आयुष्याच्या जागी वीस वर्षांची मुदत घातली होती. ताण यायचा तो नेमका अपेक्षित ठिकाणी आला : सदस्यांनी बाहेरची कामे करून मिळकत वाढवावी की नाही, वेतनात वाढ व्हावी की नाही, यावरून मतभेद विकोपाला गेले आणि १८९० मध्ये टिळकांनी संस्था सोडली. टिळकांचा आग्रह तत्त्वाला धरून होता आणि इतरांची अडचणही खोटी नव्हती, कारण संसार असलेल्या माणसाकडून संसार नसलेल्याच्या दारिद्र्याची अपेक्षा केली जात होती. विरोधाभास असा की ज्या वर्षी हा वाद पुण्यात पेटला होता, त्याच वर्षी पंचहौद मिशनमध्ये टिळक, रानडे आणि इतरांनी चहा घेतला आणि त्याबद्दल पुढे त्यांच्यावर ग्रामण्य आले. मिशनचा चहा बाटवणारा ठरला, पण मिशनची संघटनापद्धती कोणालाही बाटवणारी वाटली नाही.

गोपाळ कृष्ण गोखल्यांनी हा धडा लक्षात ठेवला असावा असे त्यांच्या पुढील रचनेवरून दिसते. १९०५ मध्ये स्थापन झालेल्या भारत सेवक समाजाच्या सदस्याला सात शपथा घ्याव्या लागत, त्यांत स्वतःसाठी पैसा न कमावण्याची शपथ होती. पाच वर्षांचा उमेदवारीचा काळ होता, जो नवदीक्षेची आठवण करून देतो. पण सदस्याच्या कुटुंबाच्या निर्वाहाची जबाबदारी समाजाने स्वतःकडे घेतली होती. धोंडो केशव कर्व्यांनी १९०८ मध्ये स्थापलेल्या निष्काम कर्ममठाने ‘मठ’ हे नावही घेतले, शपथाही घेतल्या, आणि त्यात गृहस्थ पुरुषांबरोबर स्त्रियांनाही स्थान दिले. रयत शिक्षण संस्थेतील ‘आजीव सेवक’ ही श्रेणी याच परंपरेतली आहे. या सर्व प्रयोगांत एक सूत्र दिसते : मराठी सुधारकाने दारिद्र्य घेतले, आज्ञापालन मर्यादित स्वरूपात घेतले, ब्रह्मचर्य मात्र बाहेर ठेवले आणि त्याची उणीव मुदतीने, कुटुंबाच्या तरतुदीने व लेखी नियमांनी भरून काढण्याचा प्रयत्न केला. चांगदेवाच्या कामासाठी त्याने अगस्तीची निवड केली, असे म्हटले तर चालेल.

मराठी ख्रिस्ती समाजातही हाच ओढा दिसतो, आणि त्याचे केंद्र बराच काळ नगर जिल्हा होते. प्रॉटेस्टंट पंथांनी सोळाव्या शतकातच मठसंस्था नाकारलेली असल्यामुळे नगरच्या अमेरिकन मराठी मिशनमध्ये व्रतस्थ संघाला जागा नव्हती. तरीही त्या मिशनचे सर्वांत मोठे कवी नारायण वामन टिळक यांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडली, संन्यस्त वृत्तीने साताऱ्यास राहून बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या येशूभक्तांसाठी ‘देवाचा दरबार’ उभारण्याचा संकल्प केला, आणि तेही लक्ष्मीबाईंचा संसार न मोडता. टिळकांचे चरित्र लिहिणारे अँग्लिकन मिशनरी जॅक विन्स्लो यांनी १९२२ मध्ये नगर जिल्ह्यातच ‘ख्रिस्त सेवा संघ’ स्थापन केला; गोरे आणि हिंदी सदस्य एकाच छपराखाली राहतील, खादी वापरतील, जमिनीवर बसून साधे जेवण घेतील, अशी त्याची घडण होती, आणि पुढे त्याचा आश्रम पुण्याला शिवाजीनगरमध्ये आला. या संघातही तोच प्रश्न पुन्हा उभा राहिला : व्रतस्थ ब्रह्मचारी बंधूंचा संघ करायचा की सैलसर बांधणीचा आश्रम ठेवायचा? १९३४ मध्ये व्रतांचा मार्ग निवडणाऱ्यांचा ‘ख्रिस्त प्रेम सेवा संघ’ वेगळा झाला. म्हणजे पुण्याच्या हिंदू शिक्षणसंस्थेत जे भांडण वेतनाच्या भाषेत झाले, त्याच्याशी नाते सांगणारा पेच ख्रिस्ती आश्रमात प्रार्थनेच्या भाषेत उभा राहिला.

आता दारिद्र्याकडे पुन्हा वळले पाहिजे, कारण त्याच्यावरचा सर्वांत सार्थ आक्षेप असा आहे की व्यक्ती निष्कांचन आणि संस्था धनाढ्य, हा कसला त्याग? इतिहास या आक्षेपाला दुजोरा देतो. संघांची मालमत्ता इतकी वाढत गेली की राज्यसत्तेची नजर तिच्यावर गेली. पोर्तुगालने १७५९ मध्ये जेज्युइटांना हाकलले, १७७३ मध्ये पोपनेच तो संघ विसर्जित केला (१८१४ मध्ये तो पुन्हा उभा राहिला), आणि १८३४ मध्ये पोर्तुगालने आपल्या मुलखातील पुरुषांचे सर्व संघ बरखास्त करून मालमत्ता सरकारजमा केली, तेव्हा गोव्यातले भव्य मठ ओस पडले. आजच्या भारतात हा प्रश्न आयकराच्या रूपाने आला. अनुदानित शाळांतील धर्मगुरू आणि धर्मभगिनींचा पगार त्यांच्या हाती राहत नाही, तो संघाकडे जातो, आणि व्रत घेतल्याने व्यक्तीचा जणू नागरी मृत्यू होतो, तेव्हा पगारातून कर कापू नये, असा युक्तिवाद करण्यात आला होता; सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये तो अमान्य केला. पगार व्यक्तीच्या नावाने येतो, तिने तो नंतर कोणाला द्यावा हा तिचा प्रश्न, ही कायद्याची भूमिका रास्त आहे. व्रताला धर्मात जो अर्थ आहे तो राज्याने मान्य करायलाच हवा असे नाही. आणि ज्या संस्थेकडे हजारोंचे श्रम जमा होतात तिने बाहेरच्या माणसाला हिशेब दाखवणे हा व्रताचा अपमान नसून त्याची अट मानली पाहिजे.

आज्ञापालनाचा धोका याहून खोल आहे, कारण पैशाचा हिशेब मागता येतो, विवेकाचा हिशेब मागणे अवघड असते. पंडिता रमाबाईंचे उदाहरण येथे निर्णायक आहे. पुण्यात ज्यांची ओळख झाली त्या अँग्लिकन भगिनीसंघाच्या इंग्लंडमधील वाँटेज येथील मूळ मठात राहत असताना त्यांनी २९ सप्टेंबर १८८३ रोजी मुलीसह बाप्तिस्मा घेतला. त्या भगिनींचे ऋण त्यांनी कधी नाकारले नाही. पण सिस्टर जेराल्डिन यांच्याशी झालेल्या त्यांच्या पत्रव्यवहारात एकच ठिणगी वारंवार उडते : बिशप किंवा मठाधिपती सांगतात म्हणून एखादी गोष्ट मानायची का? पुरोहितांचे एक जोखड फेकून दिल्यावर दुसरे मानेवर घेण्यास त्या तयार नव्हत्या. पुढे केडगावला त्यांनी ‘मुक्ती मिशन’ उभे केले, ते शेकडो स्त्रियांचे सामाईक जीवन, सामाईक कष्ट आणि सामाईक स्वयंपाकघर असलेले गाव होते, मात्र आज्ञापालनाच्या व्रताविना. ख्रिस्त सेवा संघात आलेल्या व्हेरिअर एल्विन यांचा मार्गही असाच फुटला. गांधींच्या प्रभावामुळे सरकारशी एकनिष्ठ राहण्याची शपथ त्यांनी नागपूरच्या बिशपांपुढे घेतली नाही, ते शामराव हिवाळे यांच्यासह मध्य प्रांतातील गोंडांमध्ये जाऊन राहिले आणि अखेर त्यांनी धर्मगुरूपदही सोडले. ज्या संघात वरिष्ठाविरुद्ध तक्रार ऐकणारी आणि संघाबाहेर असलेली यंत्रणा नाही, तेथे आज्ञापालन हे नम्रतेच्या नावाखाली अन्याय झाकण्याचे साधन होऊ शकते, आणि स्त्रियांच्या संघांत, जिथे अंतिम अधिकार बहुधा पुरुषांच्या हाती असतो, ही भीती अधिक खरी ठरते.

इतके दोष मान्य केल्यावरही व्रताकडे असे काही उरते जे पगारी नोकरीला सहजासहजी देता येत नाही, आणि ते म्हणजे दीर्घकाळ टिकून राहणे. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेज्युइट १५७९ मध्ये गोव्यात आला, १६१९ मध्ये तेथेच वारला, आणि या चाळीस वर्षांत त्याने मराठी अशी आत्मसात केली की १६१६ मध्ये छापले गेलेले ‘ख्रिस्तपुराण’ ओवीछंदात उतरले. जर्मन जेज्युइट हेन्री डोरिंग यांनी १९०३ मध्ये राहुरी तालुक्यातील केंदळसारख्या खेड्यातून ‘निरोप्या’ हे मराठी मासिक सुरू केले, आणि ते संपादकांमागून संपादक बदलत शतकाहून अधिक काळ चालू राहिले. स्विस जेज्युइट हर्मन बाखर १९४८ मध्ये भारतात आले, त्यांच्या आयुष्याचा मोठा काळ नगर जिल्ह्याच्या दुष्काळी गावांत गेला, आणि क्रिस्पिनो लोबो यांच्यासह त्यांनी १९९३ मध्ये उभी केलेली ‘वॉटर’ ही पाणलोट विकासाची संस्था संगमनेर-अकोल्याच्या डोंगराळ पट्ट्यात पोहोचली. पाणलोटाच्या कामाची पद्धत पाहिली तर तीही एका अर्थी व्रतांची आहे : गावाने कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी पाळायची, श्रमदान द्यायचे, मगच बांधबंदिस्तीला पैसा यायचा. मात्र येथेही सामूहिक व्रताचा भार सर्वांवर सारखा पडत नाही. माथ्यावरचे रान बंद झाले की विहिरीला पाणी येते ते शेतकऱ्याच्या, आणि शेळ्या-मेंढ्या विकायची वेळ येते ती ज्याला शेत नाही त्याच्यावर. म्हणून ज्या गावांनी रान टप्प्याटप्प्याने बंद केले आणि भूमिहीनांची सोय आधी पाहिली, तेथेच ते व्रत न्यायाचे ठरू शकते.

राजूरच्या संदर्भात हा टिकून राहण्याचा प्रश्न सर्वांत जिव्हाळ्याचा आहे. महादेव कोळी आणि ठाकर वस्तीच्या या भागासाठी एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय राजूरला आहे, आश्रमशाळा आहेत, दवाखाने आहेत. तरीही दुर्गम भागातली नेमणूक ही सरकारी नोकरीत अनेकदा शिक्षा समजली जाते आणि आलेला माणूस रुजू झाल्या दिवसापासून बदलीच्या खटपटीला लागतो, ही तक्रार महाराष्ट्राच्या कोणत्याही आदिवासी तालुक्याला परकी नाही. या खोऱ्याचे पाणी १९२६ मध्ये पूर्ण झालेल्या भंडारदरा धरणातून खाली श्रीरामपूरकडच्या उसाला गेले, आणि नगर जिल्ह्यातले कॅथलिक कार्यही प्रामुख्याने त्या खालच्या मुलखात बहरले. हरेगावच्या साखर कारखान्याच्या परिसरात १९४९ पासून भरणारी मतमाउलीची, म्हणजे मारियामातेची, यात्रा ही त्याची सर्वांत मोठी खूण. म्हणजे पाणी आणि माणसे, दोन्ही खाली वाहिली. अशा भागाला जेज्युइटांच्या गतिशीलतेपेक्षा बेनेडिक्टच्या स्थैर्याची गरज अधिक आहे, कारण वाडीवरची मुलगी शाळेत टिकते की गळते, गरोदर बाई वेळेवर दवाखान्यात येते की नाही, हे औषधांच्या साठ्याइतकेच ओळखीच्या माणसावर अवलंबून असते.

यावर दोन हरकती घेतल्या जातात आणि दोन्हींना वजन आहे. पहिली अशी की व्रतस्थ मिशनऱ्याची सेवा धर्मप्रसाराच्या हेतूपासून वेगळी करता येत नाही. नगर जिल्ह्यात महार आणि मांग समाजांतून झालेले धर्मांतर हा त्या सेवेचाच परिणाम होता. हे खरे आहे, पण ज्यांना गावाच्या विहिरीवर पाणी मिळत नव्हते त्यांनी निवडलेला मार्ग केवळ आमिषाचा होता असे मानणे म्हणजे त्यांच्या निर्णयशक्तीचाच अपमान करणे होय. हेतूची शुद्धता तपासण्यापेक्षा सेवा घेणाऱ्याला ‘नाही’ म्हणण्याची मुभा होती की नाही, हे तपासणे अधिक न्याय्य ठरते. दुसरी हरकत अशी की शिक्षण आणि आरोग्य हे नागरिकांचे हक्क आहेत, आणि त्यागी माणसांच्या दयेवर ते सोपवणे म्हणजे सरकारला मोकळे सोडणे होय. तत्त्व म्हणून ते निर्विवाद आहे; पण हक्क कागदावर मिळाला तरी तो वाडीपर्यंत पोहोचवायला कोणीतरी माणूस तेथे राहावाच लागतो, आणि त्या राहण्याची प्रेरणा केवळ पगारातून येत नाही, हे वीस वर्षांची अट घालणाऱ्या पुण्याच्या शिक्षकांना १८८४ मध्येच कळले होते.

तेव्हा व्रतस्थ जीवनातून घेण्यासारखे काय आणि सोडण्यासारखे काय, याचे उत्तर बऱ्यापैकी निश्चित देता येते. जन्मभराचे ब्रह्मचर्य हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे आणि मराठी समाजाने ते आपल्या सेवासंस्थांची अट केले नाही, हे योग्यच झाले. मात्र ब्रह्मचर्य वगळताना त्याने बाकीची दोन व्रते सैल सोडली, तिथे चूक झाली. ‘आजीव’ हा शब्द राहिला आणि उमेदवारीची परीक्षा, सामाईक निधी व रीतसर निरोप यांची शिस्त हळूहळू गेली. आदिवासी पट्ट्यातील शिक्षणसंस्था, दवाखाने आणि स्वयंसेवी संघटना यांनी एक वर्षाच्या उमेदवारीनंतर तीन किंवा पाच वर्षे त्याच ठिकाणी राहण्याची जाहीर बांधिलकी मागावी, ती ग्रामसभेसमोर घ्यावी व मुदत संपल्यावर तिथेच नव्याने घ्यावी किंवा सोडावी, कुटुंबाच्या शिक्षणाची आणि आजारपणाची तरतूद संस्थेने करावी, आणि सोडून जाणाऱ्याच्या कपाळी पळपुटेपणाचा शिक्का बसू नये. ख्रिस्ती संघांनीही याच मापाने स्वतःला मोजावे : मालमत्तेचा हिशेब उघडा ठेवावा आणि आज्ञेविरुद्ध दाद मागण्याची जागा संघाबाहेर निर्माण करावी. जे व्रत मुदतीच्या शेवटी पुन्हा घेण्यासारखे वाटते तेच खरे टिकते, आणि ज्या संस्थेला आपल्या माणसाला ‘आता जायचे असेल तर जा’ असे दर काही वर्षांनी निर्धास्तपणे सांगता येते, तिच्याचकडे राहण्यासारखी माणसे उरतात.